प्लेटमधल्या पेशी मेल्या, पुढे काय?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात आम्ही बनवलेल्या संयुगाने प्लेटमधल्या कर्करोगाच्या पेशी मारल्या. सर म्हणतात, इतक्यात पेढे वाटू नका. का? – विद्यार्थिनी, नांदेड

सरांचं ऐका. पेशी फिनाइलनेही मरतात. त्याच मात्रेत निरोगी पेशी जगतात का, हे आधी पाहा. संयुग डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल, तर नुसतं डीएमएसओ घातलेल्या पेशींचं काय झालं? मग तेच संयुग नव्याने बनवून, शुद्धता तपासून प्रयोग पुन्हा करा. कधीकधी गुण संयुगाचा नसतो, त्यात उरलेल्या उत्प्रेरकाचा असतो.

हळदीतलं कर्क्युमिनच घ्या. ते स्वतः चमकतं, नाना प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे चाचण्यांमध्ये ते जिथे तिथे गुणकारी दिसतं. पण पाण्यात नीट विरघळत नाही आणि गिळल्यावर रक्तात नावापुरतंच उतरतं. हळदीचं दूध खुशाल प्या, प्रबंधाला मात्र दुसरा रेणू शोधा.

प्रश्न : आमच्याकडच्या नरक्या झाडापासून कर्करोगाचं औषध बनतं म्हणे. मग साल उकळून काढा का घेऊ नये? – वाचक, संगमेश्वर

अजिबात घेऊ नका. नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं, हे खरं. हा रेणू 1966 मध्ये अमेरिकेतल्या मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळा केला. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, शिकले मुंबई विद्यापीठात. पुढे 1972 मध्ये भारतीय संशोधकांना तोच रेणू नरक्यात सापडला आणि सह्याद्रीतल्या या झाडामागे कुऱ्हाड लागली.

हा रेणू पाण्यात विरघळेना. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. रक्तपेशी घटल्या, मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, चाचण्या थांबवाव्या लागल्या. दोष होता रेणूतल्या अणूंच्या एका कड्यात : क्षार करताना ते उघडतं आणि औषधाची ताकद जाते, त्रास मात्र राहतो. हा रेणू पेशीतल्या टोपोआयसोमरेझ-1 या, डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) डीएनएवर अडकवून ठेवतो, हे 1985 मध्ये कळलं आणि मरगळलेल्या कामात पुन्हा जीव आला. रेणूच्या अंगाला योग्य जागी नवे गट जोडून टोपोटेकान आणि इरिनोटेकान तयार झाली. अमेरिकेत दोन्हींना 1996 मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे झाडापासून औषधापर्यंत 30 वर्षं, आणि औषध झाला तो झाडातला रेणू नव्हेच. काढ्यात आहे तो मूळचा, तोही किती ते कोणालाच ठाऊक नाही.

प्रश्न : विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतून खरंच औषध बाहेर पडतं, की सगळं कंपन्याच करतात? – निवृत्त शिक्षक, सातारा

पडतं, पण एकट्याच्या बळावर नाही. मधुमेहात पायांची आग होते, त्यावर देतात ते प्रीगाबालिन शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात, रिचर्ड सिल्व्हरमन यांच्या प्रयोगशाळेत 1989 मध्ये बनलं. मनात होतं, मेंदूतलं गाबा, म्हणजे चेतापेशींना शांत करणारं रसायन, वाढवून फिट थांबवावी. फिट थांबली, पण कारण वेगळंच निघालं : रेणू चेतापेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या वाहिनीच्या एका भागाला चिकटत होता! चुकीच्या नकाशावरून बरोबर गावी पोचण्याचा प्रकार. विषारीपणाच्या तपासण्या आणि माणसांवरच्या चाचण्या कंपनीने केल्या, 2004 च्या अखेरीस मंजुरी आली. तेवढा पैसा आणि माणूसबळ कुठल्याही रसायनशास्त्र विभागाकडे नसतं. स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) काही हिस्सा विद्यापीठाने 2007 मध्ये 70 कोटी डॉलरना विकला. असं नशीब मात्र विरळा.

प्रश्न : आधी शोधनिबंध की आधी पेटंट? – पीएच.डी. विद्यार्थी, पुणे

आधी पेटंटचा अर्ज. परिषदेतलं पोस्टर किंवा ग्रंथालयात जमा झालेला प्रबंध हीदेखील प्रसिद्धीच, आणि बऱ्याच देशांत तेवढ्याने पेटंटला लागणारा नवेपणा संपतो. अर्ज टाकल्यावर निबंध पाठवायला हरकत नाही. रेणू आपल्याकडच्या झाडातून काढला असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची प्रक्रियाही आहे, ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि प्रयोगाची वही पेनानेच लिहा, रोज तारीख घालून.