अमेरिकेच्या राज्यघटनेवर प्राचीन रोमचा प्रभाव कितपत होता?

प्राचीन रोम आणि अमेरिका हे अभ्यासक्रमातले दोन विषय नेमके कुठे जोडले जातात, या आपल्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेची राज्यघटना तयार करणाऱ्या १७८७ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात सापडते. तेथे जमलेल्या अनेक प्रतिनिधींनी लॅटिन ग्रंथ तरुणपणीच वाचले होते, आणि इ.स.पू. ५०९ च्या सुमारास राजेशाही संपवून उभे राहिलेले रोमन प्रजासत्ताक शेवटी सेनापतींच्या सत्तास्पर्धेत कसे कोसळले, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने रोमच्या सामर्थ्याचे श्रेय कॉन्सल (निवडून आलेले सर्वोच्च अधिकारी), सिनेट आणि जनता यांच्या एकमेकांवरील अंकुशाला दिले होते. राष्ट्राध्यक्षांनी नाकारलेले विधेयक काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर करू शकतात, या तरतुदीत तोच विचार दिसतो. घटनेच्या समर्थनार्थ अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या नेत्यांनी लिहिलेले ८५ लेखही ‘पब्लियस’ या रोमन टोपणनावानेच प्रसिद्ध झाले.

मात्र उत्तर लिहिताना केवळ साम्यस्थळांवर थांबू नये. रोममध्ये दोन कॉन्सल एका वर्षासाठी निवडले जात. अमेरिकेने चार वर्षांसाठी एकच राष्ट्राध्यक्ष ठेवला. गुलामगिरी दोन्हीकडे होती, आणि काँग्रेसच्या लोकप्रतिनिधी सभागृहातील राज्यांच्या जागा ठरवताना गुलामांची तीन-पंचमांश संख्याच मोजण्याची तडजोड घटनेतच लिहिली गेली. पाठ्यपुस्तकांत हा भाग बहुधा ओझरता येतो, पण माझ्या मते तोच सर्वांत काळजीपूर्वक वाचावा, कारण अमेरिकेतील यादवी युद्ध आणि गुलामगिरी संपवणारी १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती त्याशिवाय समजत नाही.