‘ल सामुराई’ हा चित्रपट इतका संथ आहे, तरी त्याला थरारपट का म्हणतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : ज्याँ-पिएर मेलव्हिल यांचा १९६७ सालचा ‘ल सामुराई’ हा फ्रेंच चित्रपट आपण मोबाइलवर पाहिलात, पहिली जवळपास दहा मिनिटे त्यात कोणी बोललेच नाही, पुढेही नायक मोजकेच बोलला, आणि शेवटी त्याच्या पिस्तुलात गोळ्या का नव्हत्या हे कळले नाही, मग याला थरारपट कशाच्या आधारावर म्हणायचे? मी हा चित्रपट सहा-सात वेळा पाहिला आहे आणि त्याच्यावर माझे मनापासून प्रेम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी तो अद्याप पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून घ्यावा, कारण शेवटाविषयी बोलल्यावाचून हे उत्तर पूर्ण होणार नाही.

सुरुवातीचे दृश्य आठवून पाहा. करड्या भिंतींची एक उदास खोली, दोन खिडक्या, मधोमध पक्ष्याचा पिंजरा, आणि उजवीकडे अंधारात एक पलंग. त्या पलंगावर माणूस पडलेला आहे हे आपल्याला आधी त्याच्या सिगारेटच्या धुरावरून कळते. पडद्यावर सामुराईच्या एकाकीपणाविषयी, त्याची तुलना जंगलातल्या वाघाशी करणारे, बुशिदोच्या, म्हणजे सामुराई या जपानी योद्ध्यांच्या आचारसंहितेच्या, ग्रंथातले म्हणून एक वचन येते. प्रत्यक्षात ते मेलव्हिल यांनी स्वतःच लिहिलेले आहे. मग तारीख येते, शनिवार, ४ एप्रिल, संध्याकाळचे सहा. खाली रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज आणि पक्ष्याची एकसुरी चिवचिव यांखेरीज काहीही ऐकू येत नाही. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ही चिवचिव हरवून जाते आणि खोली नुसती रिकामी वाटते. मला वाटते, आपल्या अर्ध्या कंटाळ्याचे मूळ इथेच असावे. पुन्हा पाहाल तेव्हा निदान कानाला हेडफोन लावून पाहा, कारण या चित्रपटात आवाज हा संवादाच्या जागी आहे.

हा माणूस म्हणजे जेफ कोस्तेलो, सुपारी घेऊन खून करणारा मारेकरी. ही भूमिका अ‍ॅलन डेलॉन यांनी केली आहे. तो उठतो, ट्रेंचकोट चढवतो, आरशासमोर उभा राहून हॅटच्या कडेवरून सावकाश बोटे फिरवतो आणि बाहेर पडतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या एका सित्रोएन गाडीत तो आपलीच असल्यासारखा जाऊन बसतो, खिशातून किल्ल्यांचा मोठा जुडगा काढून शेजारच्या सीटवर ठेवतो, आणि समोरच्या काचेवर पावसाचे ओघळ उतरत असताना एकेक किल्ली लावून पाहू लागतो. न लागलेली किल्ली बाजूला, पुढची किल्ली हातात. नजर सारा वेळ समोर, चेहऱ्यावर घाईची रेषाही नाही. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने हे तीन सेकंदांत उरकले असते. मेलव्हिल आपल्याला त्या गाडीत बसवून ठेवतात, आणि कोणती किल्ली लागणार याची वाट आपणही त्याच्याइतकीच निमूटपणे पाहू लागतो. पुढे उपनगरातल्या गॅरेजमध्ये मेकॅनिक नंबरप्लेट बदलतो, कागदपत्रे आणि पिस्तूल देतो, पैसे घेतो, आणि तेवढ्या वेळात दोघे एक शब्दही बोलत नाहीत. पुढे जेफ तिथे दुसऱ्यांदा येतो तेव्हा मेकॅनिक एवढेच बजावतो की हे शेवटचे, आणि त्या एका वाक्याने छातीत धस्स होते, कारण तोपर्यंत आपल्याला त्या शांततेची सवय झालेली असते.

या शांततेचा एक किस्सा मेलव्हिल यांनी सांगून ठेवला आहे. ते डेलॉन यांना पटकथा वाचून दाखवत होते. डेलॉन यांनी मध्येच घड्याळ पाहिले आणि म्हणाले की साडेसात मिनिटे झाली आणि अजून एकही संवाद आलेला नाही, मला एवढे पुरे, मी हा चित्रपट करतो. आपल्याला जी गोष्ट खटकली, नेमकी तीच पाहून त्या नटाने होकार दिला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या मते हा चित्रपट संथ आहे तो आपली नजर तयार करण्यासाठी. जेफ जिवंत आहे तो बारीकसारीक गोष्टी टिपत राहिल्यामुळे, आणि आपणही तसेच टिपू लागलो की मग पाठलाग किंवा गोळीबार यांची गरजच उरत नाही; एखादी वस्तू जागेवरून हलली तरी भीती वाटते. याचे सर्वांत चांगले उदाहरण पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे आहे. नाइट क्लबच्या मालकाचा खून झाल्यावर पोलीस जेफला इतरांबरोबर उचलतात, ओळखपरेड होते, आणि ज्या पियानोवादिकेने त्याला अगदी समोरासमोर पाहिलेले असते ती ‘हा तो नव्हे’ असे सांगते. त्याला सोडावे लागते, पण तपास अधिकाऱ्याचा संशय फिटत नाही. मग दोन पोलीस गुपचूप त्याच्या खोलीत शिरतात आणि चोरून ऐकण्याचे यंत्र बसवतात. गंमत अशी की त्यांच्याजवळही जेफसारखाच किल्ल्यांचा जुडगा आहे, तेही तसेच न बोलता एकेक किल्ली लावतात. पिंजऱ्यातला बुलफिंच मात्र घाबरून फडफडतो. जेफ परत येतो तेव्हा खोलीत सारे जिथल्या तिथे आहे, परंतु पक्षी अस्वस्थ आहे आणि पिंजऱ्यापाशी पिसे गळून पडली आहेत. जेफ थबकतो, आणि मग खोली तपासायला घेतो. चार पिसांवर एवढा ताण उभा करणारे दुसरे दृश्य माझ्या पाहण्यात नाही. पहिल्या मिनिटापासून ती चिवचिव आपल्या कानात मुरलेली नसती, तर हे साधले नसते.

त्याच्या एकाकीपणाविषयीही कोणी भाषण करत नाही. जान नावाची एक स्त्री त्याच्यासाठी पोलिसांसमोर खोटे बोलते, त्याच्यावर तिचे प्रेम आहे हे उघड दिसते, आणि तो तिच्याजवळ जेमतेम काही क्षण थांबतो. (ही भूमिका नाताली डेलॉन यांची, म्हणजे नायकाच्या तेव्हाच्या पत्नीची आहे.) त्याच्या खोलीत त्याची वाट पाहणारा जीव एकच, तो बुलफिंच. चित्रीकरण चालू असताना जून १९६७ मध्ये पॅरिसच्या ज्येनेर रस्त्यावरचा मेलव्हिल यांचा स्टुडिओ आगीत जळाला, आणि त्यात तो पक्षीही गेला. हे वाचल्यापासून मला ती पिंजऱ्याची दृश्ये पाहताना वाईट वाटल्यावाचून राहत नाही. रंगांविषयी एवढेच सांगतो की छायालेखक आंरी दका यांनी राखाडी-निळ्या छटा इतक्या काटेकोरपणे सांभाळल्या आहेत की चित्रपट रंगीत असूनही मनात कृष्णधवल उरतो.

आता शेवटाकडे येतो. सुपारी देणारेच जेफवर उलटतात. रेल्वेच्या रुळांवरील पादचारी पुलावर त्याच्या दंडाला गोळी लागते, आणि पुढे तीच माणसे पैसे देऊन त्याच्यावर नवे काम सोपवतात. ते काम म्हणजे पियानोवादिकेचा खून, ज्या बाईने त्याला वाचवले तिचाच. पैसे घेतल्यामुळे काम मोडता येत नाही, आणि तिला मारणे त्याच्याने होणार नाही. या पेचातून त्याने काढलेली वाट म्हणजे ते रिकामे पिस्तूल, असे मी समजतो. ती विचारते, ‘का?’ तो म्हणतो, मला पैसे मिळाले आहेत. तो पिस्तूल तिच्यावर रोखतो आणि दबा धरून बसलेले पोलीस त्याला गोळ्या घालतात. पिस्तूल रिकामे होते हे तपास अधिकारी नंतर दाखवतो.

परंतु तो मरायलाच आला आहे हे चित्रपटाने आपल्याला त्याआधीच सांगितलेले असते. क्लबमध्ये शिरल्यावर जेफ हॅट काढून ती सांभाळणाऱ्या मुलीकडे देतो, तीच हॅट, जिची कड आरशासमोर सारखी केल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही. मुलगी हॅट परत घेण्यासाठीचा बिल्ला पुढे करते. तो बिल्ल्याकडे पाहतो, आणि तो न उचलता तसाच आत निघून जातो.