जुनी शेव्हरले कॅप्रिस जास्त जोरात पळावी म्हणून इंजिनात काय बदलावं?

१९९४ ते ९६ची कॅप्रिस धरून सांगतो. आधी चासी नंबरातलं आठवं अक्षर बघा. 'पी' असेल तर ५.७ लिटरचं, २६० हॉर्सपॉवरचं एलटी१ इंजिन. 'डब्ल्यू' असेल तर ४.३ लिटरचं, २०० हॉर्सपॉवरचं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, फसू नका. ४.३वर पैसे घालण्यापेक्षा सरळ ५.७ बसवा.

५.७ असेल तर पहिला खर्च इंजिनावर नकोच. मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गिअरपेटीचं) गुणोत्तर ३.०८वरून ३.७३ करा, एवढं अवजड धूड सिग्नलवरून झटकन उठतं ते यानेच. मूळ २.५६ असेल तर क्राउन-पिनियनसोबत (त्यातल्या गिअरच्या जोडीसोबत) ती धरणारा कॅरियरही बदलावा लागतो. नवं गुणोत्तर गाडीच्या संगणकात भरा, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलेल आणि गिअरही भलत्या वेगाला पडतील.

मग मोकळा एक्झॉस्ट आणि १.५च्या जागी १.६ गुणोत्तराचे रोलर रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांड्या; १.६ने व्हॉल्व्ह जास्त उघडतो). मोठा कॅम (व्हॉल्व्ह कधी, किती उघडायचे ते ठरवणारा दांडा) टाकलात तर व्हॉल्व्ह स्प्रिंगही कडक घ्या. जुन्या स्प्रिंगवर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाहीत. ट्यूनिंग पुन्हा करावंच लागेल.

कॅमसाठी इंजिनाची पुढची बाजू उघडलीच आहे तर वॉटर पंप नवा टाका. स्पार्क प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर त्याच्या बरोबर खाली आहे; पंप गळला की पाणी त्यात जाऊन मिसफायर (ठिणगी चुकणं) ठरलेलं.