लॉरा मधली आहे, म्हणून परवडेल असं नाही

प्रश्न: वय 36, नाशिक. पगार 88 हजार, घरखर्च 55 हजार, एफडी 4 लाख. 2014 ची स्विफ्ट उत्तम चालते, तिचे 2 लाख येतील. स्कोडाच्या ऑक्टेव्हियाचं वेड कॉलेजपासूनचं. तीन गाड्या पाहिल्या: 2008 ची 1.9 टीडीआय (डिझेल) 1 लाख 60 हजारांना, 2011 ची लॉरा 1.8 टीएसआय (पेट्रोल) 2 लाख 90 हजारांना, 2015 ची ऑक्टेव्हिया 1.8 टीएसआय डीएसजी (ऑटोमॅटिक) 6 लाख 25 हजारांना. डीलर 13 टक्क्यांनी साडेतीन लाखांचं कर्ज करून देतोय. लॉरा घेऊन मधला मार्ग काढू का?

उत्तर: लॉरा नको. किमतीच्या मानाने तिघींत तीच तुम्हाला सगळ्यात महाग पडेल.

लॉरा म्हणजे ऑक्टेव्हियाचीच दुसरी पिढी. पहिली इथे 2010 पर्यंत विकली जात होती, म्हणून हिला वेगळं नाव दिलं. तुमच्या लॉराची 15 वर्षं 2026 मध्ये भरतात. म्हणजे फिटनेस, आरसी नूतनीकरणाचे 5,000 आणि वर पर्यावरण कर, सगळं नव्या मालकाच्या माथी. विकणारा आत्ताच का विकतोय, हे कळलं असेल. त्यात या पिढीचं 1.8 टीएसआय इंजिन ऑइल पिण्यासाठी जगभर बदनाम आहे, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही दगा देतो. सकाळी गार इंजिन चालू करताना खडखड ऐकू आली, तर किमतीची घासाघीस करत बसू नका, सरळ घरी या.

2008 ची डिझेल साधी आणि दणकट. जुन्या पद्धतीचा पंप, पाच गिअर, कुठलाही जाणता मेकॅनिक हात घालेल. पण 2028 मध्ये तिची 20 वर्षं होतील आणि नूतनीकरणाची फी 10,000 वर जाईल. दुसरी गाडी म्हणून हौसेला ठीक, स्विफ्ट विकून मात्र नको. (या गाड्यांची जुळणी तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला व्हायची, पण सुटे भाग बाहेरून यायचे. तेव्हा गाडी इथली म्हणून पार्ट स्वस्त, असा हिशोब करू नका.)

राहिली 2015 ची. गाडी म्हणून तिन्हींत सरस, वादच नाही. अडचण गिअरबॉक्सची. पेट्रोल 1.8 ला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. तो ट्रॅफिकमध्ये तापतो आणि त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, गेलं तर बिल लाखाच्या पुढे जातं. डिझेलमधला सहा गिअरचा डीएसजी तेलात चालतो, तो वेगळा. दर 60 हजार किलोमीटरला त्याचं तेल बदललं की तो सहसा त्रास देत नाही.

आता या गाडीसाठीचं कर्ज. साडेतीन लाख, 13 टक्के, चार वर्षं: हप्ता सुमारे 9,400, व्याजच लाखभर. पगारातून हप्ता जाईल, नाही असं नाही. पण हप्ता आणि गिअरबॉक्स एकाच वर्षी अंगावर आले, तर एफडी मोडावी लागेल.

2015 च्या ऑक्टेव्हियाच्याच पिढीत 1.4 टीएसआय मॅन्युअल होती. तिच्याकडे कुणी वळून बघत नाही, म्हणून भावही 1.8 पेक्षा कमी. इंजिन 1500 सीसीच्या आतलं, त्यामुळे थर्ड पार्टी विम्याचा हप्ता 7,897 ऐवजी 3,416, जीएसटी वेगळा. तुमच्यासाठी हीच.

स्विफ्ट चालतेय तोवर तो 9,400 चा हप्ता स्वतःलाच भरा, 15 महिन्यांची आरडी काढून. 1 लाख 41 हजार आणि वर थोडं व्याज जमेल. स्विफ्टचा भाव तोवर थोडा उतरेल, तो उतरू द्या. एफडीतून फार तर लाखभर काढा, तीन लाखांना हात लावू नका. सव्वाचार लाखांच्या आत 1.4 मिळाली, तर कर्जाशिवाय घरी येते.

डीलरला आत्ता टोकन देऊ नका. आणि दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी कुणी दाखवली, तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून किंमत पुन्हा मांडा.