यादी घे आणि निघ

प्रिय मुला,
प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. चर्चमध्ये मराठी उपासनेला बाकं रिकामी दिसतात, तरुण मुलं इंग्रजी सर्व्हिसला जातात, म्हणून तू प्रोजेक्टर आणि ड्रम्सच्या किमती काढत बसला आहेस. आण खुशाल. पण आधी लोकांच्या घरी जा.

भायखळा-परळच्या चाळींतून आपली माणसं चालत उपासनेला यायची. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, माणसं डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला गेली. चर्च जागच्या जागी राहिलं. आता उपासना सुटून स्टेशन गाठेपर्यंत मेगाब्लॉक लागलेला असतो. आणि कमिटीत बसून आपण म्हणतो, ‘मंडळी थंड पडली.’ या वाक्याचा मला संताप येतो. कोण थंड पडलंय, ते घरी जाऊन बघ.

बदलापूरला एका आजींकडे गेलो होतो. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने ‘येत नाहीत’ लिहिलेलं. चौथा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. चहा ठेवता ठेवता त्यांनी फडताळातून बिस्किटांचा डबा काढला. आत अर्पणाची पाकिटं, लॉकडाऊनपासून दर महिन्याचं एक, प्रत्येकावर महिना लिहिलेला. ‘न्यायला कोणी आलंच नाही हो,’ एवढंच म्हणाल्या. तुझ्या गणतीत ही बाई आहे का, सांग मला.

काळ बदलला, हे मला नको सांगूस. १८१३ साली अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईत उतरला, मराठी शिकला आणि बाजारात उभा राहून लोकांशी बोलू लागला. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंग-कीर्तन आपल्यात आणलं, १९१७मध्ये मिशनचं काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. रीत प्रत्येकाची वेगळी, पण सगळे माणसांत गेले. बायबलातला प्रेषित पौलसुद्धा इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांचा निरोप घेताना आठवण देतो, की मी चारचौघांत शिकवलं तसं घरोघरी जाऊनही शिकवलं. म्हणून म्हणतो, घरी जा.

मी ऑफिसात सापडत नाही, अशी माझ्याविरुद्ध कायम तक्रार असे. भेटींचा प्रवासखर्चही एकदा नामंजूर झाला. मी स्वतःच्या पासावर फिरलो. आजही तसंच करीन. अहवाल आठ दिवस उशिरा गेला तर काही बिघडत नाही, आजाऱ्याकडे आठ दिवस उशिरा गेलं तर बिघडतं. खंत एकच, वसईच्या पुढची कुटुंबं राहून गेली.

तरुणांचंही तेच. रात्रपाळी करून आलेल्या पोराला सकाळच्या उपासनेवरून बोलू नकोस. त्याची सुट्टी कोणत्या वारी ते विचार, त्या वारी जा. चार घरं जवळजवळ असली तर तिथेच कोणाच्या हॉलमध्ये प्रार्थनासभा घे, प्रभुभोजनाचं साहित्य, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, सोबत ने. पुढारी मिळत नाहीत म्हणतोस ना? शेजारच्या म्हातारीला औषधं आणून देणारी बाई तुला तिथेच भेटेल. तिच्या हाती तो गट सोपव. कमिटीच्या निवडणुकीची वाट बघू नकोस.

प्रोजेक्टरचं कोटेशन पुढच्या महिन्यात दे. आधी रजिस्टर माग, पेन्सिलीने खुणा केलेली नावं उतरवून घे, स्टेशनवार लाव. कल्याणच्या पुढची आधी घे, त्यांच्याकडे फार दिवसांत कोणी फिरकलेलं नाही.

प्रभूमध्ये तुझा,
एक जुना पाळक