पान्हा, शेण आणि 'स्रावित' प्रथिनं

कुरखेडा तालुक्यातल्या एका विज्ञानशिक्षिकेनं विचारलं आहे: हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरताना जी प्रथिनं बाहेर सोडतो, त्यांना 'उत्सर्जित' म्हणायचं की 'स्रावित'? त्यांनी वर्गात 'उत्सर्जित' शिकवलं, तर एका मुलीनं वहीत लिहिलं, 'परजीवी नको असलेली प्रथिनं पेशीवर टाकून देतो.' त्या मुलीची यात काहीच चूक नाही. शब्दानं जिकडे नेलं तिकडे ती गेली.

'उत्सर्जन' येतो सृज् धातूपासून, मागे 'उद्' लागून. अर्थ सोडून देणं, टाकणं. मलमूत्राचं उत्सर्जन होतं, गाडीच्या धुराचं होतं. 'स्राव' येतो स्रु धातूपासून, म्हणजे वाहणं, पाझरणं. लाळ, जठररस, इन्सुलिन हे स्राव. शरीर ते कामासाठी तयार करतं आणि काम असेल तेव्हा सोडतं.

आमच्या दारव्ह्याकडच्या घरी हा फरक मी पुस्तकाआधी गोठ्यात पाहिला. मी घाईनं चरवी घेऊन बसलो की आजी म्हणायची, "थांब ना बाप्पा, पान्हा सोडू दे तिले, मंग धार काढ." वासरू दोनचार ढुसण्या द्यायचं, कास ताठ व्हायची, सडाच्या टोकाशी दुधाचा थेंब दिसायचा. शेणही त्याच गायीचं, पण गाय शेण 'टाकते' आणि पान्हा 'सोडते'. क्रियापद कधी चुकत नाही. 'पान्हा' हा शब्दही प्रस्नव, म्हणजे पाझरणं, यावरूनच आला आहे.

परजीवीच्या प्रथिनांचं अगदी पान्ह्यासारखं आहे. रक्तपेशीत शिरणारा हा जीव जेमतेम एकदोन मायक्रॉनचा. त्याच्या निमुळत्या टोकाशी बारीक पिशव्या असतात: मायक्रोनीम, आणि गदेच्या आकाराच्या रॉप्ट्री. रक्तपेशीशी गाठ पडेपर्यंत त्यातली प्रथिनं राखून ठेवलेली असतात. आधी मायक्रोनीममधली सुटतात, ती परजीवीच्या अंगावर येतात आणि पेशीला घट्ट धरतात. ही पकड बसली की रॉप्ट्री मोकळ्या होतात. त्यांतलं रॉन नावाच्या प्रथिनांचं जुडगं थेट रक्तपेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, जाऊन बसतं आणि परजीवीच्या अंगावरचं एएमए-१ हे प्रथिन त्याला धरतं. म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीत आपणच खुंटी ठोकायची आणि तिलाच धरून आत सरकायचं. इतकं नेमकं काम करणाऱ्या प्रथिनांना 'उत्सर्जित' म्हणणं मला पटत नाही.

'स्रावित' मला आणखी एका कारणानं आवडतो. 'स्रुत' म्हणजे आपोआप वाहिलेलं, 'स्रावित' म्हणजे वाहवलेलं, मुद्दाम सोडलेलं. एवढा अर्थ एका वेलांटीत नव्हे, एका वृद्धीत, म्हणजे 'स्रु'मधल्या उ चा 'आव' होण्यात, मावला आहे. फक्त लिहिताना 'स्त्राव' करू नका. यात त नाहीच. रक्तस्राव, स्रोत, सहस्र या सगळ्यांत स ला थेट र जोडलेला आहे. दवाखान्याच्या भिंतीवर 'रक्तस्त्राव' रंगवलेला दिसतो तेव्हा ब्रश घेऊन तो त पुसावासा वाटतो. फळ्यावर तरी तो येऊ देऊ नका.

परजीवीच्या पेशीत शिरण्याला 'आक्रमण' म्हणावं की 'भेदन', हेही बाईंनी विचारलं आहे. आक्रमण चालेल, भेदन नको. परजीवी पटलाला भोक पाडत नाही. पटलच आत दुमडत जातं, त्याच्याभोवती पिशवी होते आणि मागून तोंड मिटतं. मी 'शिरकाव' म्हणेन. बिनबोलावता, अंग चोरून आत जाणं त्या शब्दात आहेच.

राहिला 'यजमान', म्हणजे परजीवी ज्याच्यात राहतो तो जीव किंवा पेशी. पुस्तकांत रुळला आहे, परीक्षेत तोच लिहायला सांगा. पण यजमान म्हणजे मुळात स्वतःच्या खर्चानं यज्ञ करवणारा, आणि आपल्या घरांत पाहुण्याला आपणहून बोलावणारा. रक्तपेशीनं कोणालाच बोलावलेलं नसतं. वर्गात समजावताना मी 'पोशिंदा' वापरीन. कापूस-धान पिकवणाऱ्या घरांतल्या मुलांना तो शब्द सांगावा लागत नाही, आणि इथं तो अक्षरशः खरा आहे: आत शिरलेला परजीवी त्या पेशीतलंच हिमोग्लोबिन खाऊन वाढतो.