शहरातल्या बागा-मैदानांचं नियोजन करताना तरुण मुलामुलींना सहभागी कसं करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या नगरपालिकेने बागांच्या कामासाठी सूचना मागवल्या, शाळा-कॉलेजांत पत्रकं वाटली, रविवारी सकाळी सभागृहात बैठक ठेवली आणि अठराच्या आतलं एकही पोर तिकडे फिरकलं नाही. मग "मुलांनाच रस नाही" म्हणून सगळे मोकळे झाले. मुलांना बैठकीला आणायचं कसं, असं तुम्ही विचारताय.

मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि आमच्या भागातल्या नागरिक गटाबरोबर बागांचं काम करते. माझं म्हणणं असं की त्यांना बैठकीला आणूच नका. तुम्ही बागेत जा, तेही त्यांच्या वेळेला, आणि कामाचं एस्टिमेट, म्हणजे खर्चाचा अंदाज, व्हायच्या आधी. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एस्टिमेट झालं, निविदा निघाली, की मुलांना विचारून काहीही बदलत नाही, आणि हे मुलांच्या फार लवकर लक्षात येतं.

हे मी स्वतः चुकून शिकले. पहिल्या वर्षी आम्ही 'माझ्या स्वप्नातली बाग' अशी चित्रकला स्पर्धा घेतली. दीडशेच्या वर चित्रं आली. धबधबे, झाडावरची घरं, रॉकेटच्या आकाराची घसरगुंडी. प्रदर्शन भरलं, बक्षिसं दिली, पाहुण्यांसोबत फोटो निघाले. त्या वेळी त्याच बागेच्या पेव्हर ब्लॉकचा आणि ओपन जिमचा ठेका आधीच देऊन झाला होता, हे आम्हाला नंतर कळलं. पुढचे दोन महिने मुलं मला व्हरांड्यात गाठून विचारायची, "मॅडम, आपल्या चित्रांचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. युनिसेफने १९९२ मध्ये अभ्यासक रॉजर हार्ट यांची मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, आणि त्यांतली एक म्हणजे मुलांना शोभेपुरतं वापरणं. ते वाचलं तेव्हा मला ती स्पर्धाच डोळ्यांपुढे आली.

दुसऱ्या वर्षी आम्ही तेरा ते सतरा वयाची अकरा मुलंमुली घेतली आणि डिसेंबरातल्या संध्याकाळी पावणेसातला बागेत चालायला गेलो. सोबत खडू, मोजपट्टी आणि बागेचा साधा नकाशा. घरच्यांची लेखी परवानगी घेतली होती, बरोबर दोन मोठी माणसं होती आणि आठच्या आत सगळ्यांना घरी पोचवायचं हे ठरलेलं होतं. (हे एवढं तुम्हीही पाळा. मुलांचे फोटो कुठे टाकू नका.)

बागेच्या मध्यापर्यंत गेलो आणि नववीतली एक मुलगी थांबली. म्हणाली, "मॅडम, इथून पुढे आम्ही येत नाही." तिने खाली वाकून पेव्हरवर खडूने आडवी रेघ मारली. बाकीच्या मुलींनी माना डोलावल्या. रेघेपलीकडे बागेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग होता, बॅडमिंटनची जागाही तिकडेच आणि स्वच्छतागृहही. दिव्याचा खांब होता, दिवा चालू होता, पण तो गुलमोहराच्या फांद्यांत पूर्ण शिरला होता. झाड आतून उजळलेलं आणि खाली मिट्ट काळोख. आमच्या गटातली मंडळी त्या बागेत दहा वर्षं फिरायला येत होती, पण सकाळी सहाला. सकाळी तो कोपरा बागेतला सगळ्यात सुंदर. त्यामुळे आमच्या एकाही पत्रात ही अडचण कधी आली नव्हती.

त्याच तासाभरात आणखी एक गोष्ट कळली. बागेत बाकं भरपूर, पण सगळी एका ओळीत, रस्त्याकडे तोंड करून. पाच मैत्रिणींना समोरासमोर बसायला जागाच नाही. म्हणून त्या फुलांच्या वाफ्याच्या कडेवर बसतात आणि रखवालदार त्यांना उठवतो. झोपाळ्यावर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अशी पाटी, हिरवळीवर क्रिकेटला मनाई. लहानग्यांना खेळणी आहेत, आजी-आजोबांना फिरायला ट्रॅक आहे. मधल्या वयाला बागेत येऊन करायचं काय? त्यांना हवा होता कट्टा. नीट, उजेडातला, तीन बाजूंनी बसता येईल असा कट्टा. एवढी साधी मागणी दीडशे चित्रांत आम्हाला दिसली नव्हती, कारण आम्ही स्वप्न विचारलं होतं, अडचण विचारली नव्हती.

मुलींचं वेगळं ऐका, हे मी मुद्दाम सांगते. व्हिएन्ना शहराने १९९६-९७ मध्ये पाहणी केली तेव्हा दिसलं की वयाच्या नऊ वर्षांनंतर मुलींचं बागांत येणं झपाट्याने कमी होतं, मुलग्यांचं तसं होत नाही. मोकळी जागा एकच असली की मुलगे ती व्यापतात आणि मुली वाद न घालता निघून जातात. १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा नव्याने आखल्या. पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनच्या जागा केल्या, मोठ्या मोकळ्या जागेचे झाडोऱ्याने भाग पाडले, आणि मुली परत यायला लागल्या. आपल्याकडे मिश्र बैठकीत मुलगे बोलतात आणि मुली "हो, तेच" म्हणतात. आम्ही पुढच्या वेळी दोन गट वेगळे चालवले तेव्हा मुलींच्या नकाशावर दुप्पट खुणा होत्या.

आता पैशाचं. आमच्या नगरसेवकांनी त्यांच्या निधीतून तीन लाख या कामाला द्यायचं कबूल केलं आणि हा आकडा आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी सांगितला. एक कनिष्ठ अभियंता शनिवारी दुपारी वेळ काढून आले आणि खांबाला किती, बांधकामाला किती, फरशीला किती, हे फळ्यावर मांडून दाखवलं. त्यानंतर मुलांनी स्वतःच यादी छाटली. पैशापायी आम्हाला एकदाही "हे जमणार नाही" म्हणावं लागलं नाही. सगळ्यात मोठा शोध असा लागला की सगळ्यात वरच्या अडचणीला खर्च जवळजवळ नव्हता: फांद्या छाटल्या की उजेड खाली येणार. पण शहरात वृक्षछाटणीला १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तो अर्ज खडूची रेघ मारणाऱ्या मुलीनेच लिहिला.

मुलांच्या हाती पैसा द्यायला लोक बिचकतात, म्हणून अमेरिकेतल्या बॉस्टनचं उदाहरण सांगते. तिथल्या महापौरांनी २०१४ मध्ये शहराच्या भांडवली खर्चातले दहा लाख डॉलर १२ ते २५ वयोगटाच्या मतावर सोपवले. मुलांनी पालिकेच्या कर्मचाऱ्यांबरोबर बसून प्रस्ताव तयार केले, दीड हजारांच्या आसपास जणांनी मतदान केलं आणि निवडलेल्या कामांत फ्रँकलिन पार्कमधल्या खेळाच्या जागेची सुधारणा होती. आपल्याजवळचं पाहायचं तर पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत आहे. ठरावीक मुदतीत क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज भरून आपल्या प्रभागातलं काम सुचवता येतं, आणि एका कामाला पाच लाखांची मर्यादा आहे. कट्टा, दिवे, बाकं अशी कामं त्यात सहज बसतात. तुमच्या पालिकेत अशी सोय नसेल तर नगरसेवकांचा निधी बघा. आणि शहराचा विकास आराखडा (कुठली जमीन कशासाठी राखायची हे ठरवणारा नकाशा) बनवणं चालू असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्यात प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना द्यायची तरतूद आहे. कायद्याचा शब्द 'कोणतीही व्यक्ती' असा आहे. मैदानाचं आरक्षण नकाशावर कुठे आहे हे मुलांना एकदा दाखवाच. रोज जिथे खेळतो त्या जागेवर कसला रंग भरलाय, हे ती फार लक्ष देऊन बघतात.

सगळं मनासारखं झालं असं नाही. मुलग्यांना क्रिकेटसाठी जाळी हवी होती. शेजारच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना आधी दोनदा चेंडू लागला होता, त्यांचा ठाम विरोध. जागाही खरंच अपुरी. शेवटी जाळी झाली नाही. पण ती का झाली नाही, हे आम्ही एका पानावर लिहून, सही करून मुलांना दिलं आणि बागेच्या फलकावरही लावलं. त्यांतला एक जण चिडून दोन महिने आला नाही, मग स्वतःहून परत आला. पहिल्या वर्षीच्या मुलांना मी काहीच उत्तर दिलं नव्हतं, त्यांतलं कोणीही परत आलं नाही. नकार मुलांना पचतो. त्यांच्या सूचनेचं पुढे काय झालं हे कोणीच सांगत नाही, ते पचत नाही.

तेव्हा उद्या पालिकेत जाऊन आधी एवढंच विचारा, की बागांच्या कामाचं एस्टिमेट झालंय का. झालं नसेल तर इथे कळवा. चालताना मुलांना विचारायच्या प्रश्नांचं आमचं एक पान आहे, ते मी खाली टाकते. झालं असेल तर त्या बागेचा नाद सोडा आणि पुढच्या वर्षीच्या यादीतली बाग धरा.